मेहर, हिस्सा आणि अम्मीची वही

आपल्याकडे एखादी बाई वारली की तासाभरात व्हॉट्सअॅपवर मजकूर फिरायला लागतो. सुरुवात इन्ना लिल्लाहने. मग अमक्यांच्या पत्नी, तमक्यांच्या आई, फलाण्यांच्या सासू. मागे पती, दोन मुलगे, दोन मुली आणि नातवंडं असा परिवार आहे. जनाजा असरनंतर. तिचं स्वतःचं नाव कधी तिसऱ्या ओळीत येतं, कधी येतच नाही. मराठी पेपरातल्या निधनवार्तेतही फार फरक नसतो. तिथं फक्त 'प्रेमळ, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या' एवढं वाढतं. हे तीन शब्द मी इतक्या बायकांबद्दल वाचलेत की त्या सगळ्या एकच बाई होत्या की काय, असं वाटावं.

गेल्या पावसाळ्यात आमची अम्मी गेली. हा मजकूर तिच्याबद्दलही फिरला आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. ती अब्बांची पत्नी होती, आम्हा चौघांची आई होती, सात नातवंडांची दादी-नानी होती. प्रेमळ होती, हेही खरं. पण तिच्या जाण्यानंतरच्या महिन्या-दीड महिन्यात घरात जे बोलणं झालं, त्यातून एक गोष्ट मला पक्की वाटायला लागली आहे आणि ती इथं मांडायची आहे. आपण आपल्या बायकांची आठवण डोळ्यांतल्या पाण्यानं आणि बिर्याणीच्या डेगीनं काढतो, हिशोबानं काढत नाही. जी बाई जन्मभर देत राहिली तिचं आपल्याकडे काय देणं राहिलं, हा प्रश्न तिच्या मय्यतीच्या घरात कुणी विचारत नाही. विचारला तर वाईट दिसतं म्हणतात. मला वाटतं, विचारला नाही तर वाईट दिसायला हवं.

पुढं जमिनीचा विषय येणार आहे आणि नात्यातली माणसं हयात आहेत, म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही.

आमचं घर रोह्याजवळ धाटावला. आज धाटाव म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते, रसायनांचे कारखाने आणि रात्रीचा तो वास. अम्मी १९७० साली लग्न होऊन आली तेव्हा इथं शेतं होती. कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी बारमाही, त्यामुळं नदी उन्हाळ्यातही वाहती. नदीची मासळी घराघरात असायची. पेण तालुक्यातल्या माहेराहून ती आली तेव्हा तिला भात लावणी येत होती, वालाचं बिरडं येत होतं, उर्दू वाचता येत होतं आणि चौथीपर्यंतचं मराठी. पोह्याचे पापड लाटण्यात तिचा हात पेणच्याच बाईचा होता. ते पापड पुढं आमच्या शाळेच्या फीचे पैसे झाले.

अब्बा १९७८ साली आखातात गेले आणि १९९५ साली कायमचे परत आले. या सतरा वर्षांत दोन वर्षांनी एकदा, दोन महिने घरी. मी एकदा हिशोब केला होता, सतरा वर्षांतले मिळून सोळा महिनेही ते घरात नव्हते. रायगड-रत्नागिरीतल्या कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांची हीच कथा आहे. बाप जहाजावर, नाहीतर कुवेत, दुबई, दम्मामला. आपण त्या पिढीबद्दल बोलताना म्हणतो, 'बापानं परदेशात खस्ता खाऊन घर उभं केलं.' खरंच आहे. पण ड्राफ्ट आल्यावर त्याचं घर कुणी केलं? जांभा चिरा कुठल्या खाणीचा घ्यायचा, गवंड्याला उचल किती द्यायची, सासऱ्याच्या दम्याला रोह्यातल्या कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, दिराचं कर्ज आधी फेडायचं की नणंदेचं लग्न आधी काढायचं, हे सगळं तिनं ठरवलं. अब्बांना पत्रातून कळायचं, तेही महिन्यानं. पाया भरून झाल्यावर 'पाया कुठं घ्यायचा' हे त्यांचं उत्तर यायचं. अब्बा हे हसून सांगतात.

दुपारी तिच्याकडे आळीतली पोरं सिपारा घेऊन यायची. पगार नव्हता, कुणी दिलाही नाही. जुम्मेरातला कुणाच्या घरून दोन अंडी, कुणाकडून सुकट. आज आळीतले चाळिशीचे बाप्ये आहेत त्यातल्या निम्म्यांचा कायदा-सिपारा तिच्या ओट्यावर झालाय. जमातीच्या कुठल्याही वहीत ती शिक्षिका म्हणून नाही.

आता मेहरबद्दल. आपल्याकडे मेहर हा निकाहाच्या दिवशी माइकवरून ऐकायचा आकडा आहे. काझीसाहेब आकडा सांगतात, नवरामुलगा 'कबूल' म्हणतो, छुहारे वाटले जातात आणि तो आकडा निकाहनाम्यात जाऊन बसतो. रोख दिला तर ठीक, उधार ठेवला तर बहुतेक घरांत तो परत वर येतो तो नवरा वारल्यावर. तेव्हाही कसा? जनाजा उचलायच्या आधी चारदोन बायका विधवेला पुढं आणतात आणि म्हणतात, मेहर माफ केली म्हण. जिचं जग त्या क्षणी कोसळलंय, जी धड श्वास घेत नाहीये, तिच्याकडून पन्नास वर्षांचं कर्ज माफ करून घेतात आणि वर त्याला सवाब म्हणतात. मी हे दोनदा पाहिलंय. मेहर हे कर्ज आहे. मयताच्या मालमत्तेतून आधी कफनदफन, मग कर्ज, मग वसीयत आणि मगच वारसांची वाटणी, हा क्रम मदरशातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतो. सूरह निसाच्या चौथ्या आयतीत मेहर खुशीनं द्यायला सांगितलंय, आणि बाईनं त्यातलं काही सोडलं तर तेही तिच्या मनापासून हवं. जनाज्यापाशी पदर तोंडात धरून उभ्या असलेल्या बाईचं 'माफ' हे मनापासूनचं कसं धरायचं?

आणि बायको आधी गेली तर? तेव्हा तर कुणी मेहरचा शब्दच काढत नाही. जिला द्यायची तीच गेली, आता कसली मेहर, असा सगळ्यांचा समज. पण कर्ज द्यायचं ज्याला तो मेला म्हणून कर्ज फिटत नाही, ते त्याच्या वारसांचं होतं. हे आपण दुकानदाराच्या बाबतीत मानतो, बायकोच्या बाबतीत विसरतो.

जियारतच्या संध्याकाळी पाहुणे गेले आणि अब्बा म्हणाले, "तुमच्या अम्मीची मेहर माझ्याकडं राहिलेय." पाचशे रुपये, १९७० सालचे. ते म्हणाले, दोन-तीनदा तिला द्यायला गेलो, ती म्हणायची ठेवा तुमच्याकडंच, लागले की मागेन. तिनं 'माफ' असं कधी म्हटलं नव्हतं. अब्बांना ते शब्द नेमके आठवत होते. मौलानांना विचारलं. ते म्हणाले, रुपयांत ठरली असेल तर देणं पाचशे रुपयेच, त्यावर जे द्याल तो तुमचा एहसान. अब्बांनी मान हलवली आणि म्हणाले, त्या साली पाचशे रुपयांत दोन तोळ्यांहून जास्त सोनं येत होतं, मी दोन तोळ्यांच्या भावानं देणार. खरंच होतं, तेव्हा दहा ग्रॅम सोनं दोनशे रुपयांच्या आत होतं. त्या दिवशीच्या भावानं दोन तोळ्यांचे दोन लाख चाळीस हजार धरले.

मग वाटणी. हा भाग सविस्तर लिहितो, कारण आपल्यातल्या अनेकांना मुलींचा हिस्सा 'असतो' एवढंच माहीत असतं, केवढा ते नसतं. बाई वारली, मागे नवरा आणि मुलं आहेत, तिचे आईबाप हयात नाहीत, तर नवऱ्याला चौथा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक. आईबापांपैकी कुणी हयात असते तर त्यांना प्रत्येकी सहावा हिस्सा आधी गेला असता. आमच्याकडे साठ हजार अब्बांचे. उरले एक लाख ऐंशी हजार. आम्ही दोघे भाऊ आणि दोघी बहिणी, म्हणजे सहा भाग, तीस हजारांचा एक. भावांना साठ-साठ, बहिणींना तीस-तीस. आम्ही कोकणी शाफई, पण या हिशोबात हनफी असते तरी आकडे हेच आले असते. अकरावी आणि बारावी आयत उघडून कुणीही हे कागदावर करू शकतो. यासाठी वकील लागत नाही आणि कोर्ट लागत नाही. धीर तेवढा लागतो.

मुलीला मुलाच्या निम्मं का, हा प्रश्न मराठी वाचक विचारतात आणि विचारावा. त्यावर आपल्यात दीडशे वर्षं वाद चालू आहे, उलमांचं उत्तर खर्चाच्या जबाबदारीचं आहे, सुधारकांना ते आजच्या कमावत्या बाईच्या बाबतीत पुरत नाही. मी या वादात इथं शिरत नाही, कारण माझं दुखणं त्याच्या फार अलीकडचं आहे. निम्मं कमी की बरोबर हे ठरवायची वेळच आपल्या मुलींवर येत नाही. त्यांच्या हातात निम्मंही पडत नाही, शून्य पडतं. शरियत वाचवायला मोर्चे काढणारे आपण, बहिणीच्या हिश्श्याच्या वेळी अचानक रीतीरिवाजाचे होतो.

अम्मीचंच पाहा. तिचे वडील वारले तेव्हा पेणकडची भातशेती होती. वारस नोंदीत तलाठ्यानं कायद्याप्रमाणं मुलींची नावं लावली. पुढच्या वर्षी हक्कसोडपत्र झालं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तिन्ही बहिणींना एकाच रिक्षातून नेलं, अंगठे-सह्या झाल्या, येताना प्रत्येकीला ड्रेसचं कापड. मामा वाईट माणसं नव्हती. मोठे मामा शेवटपर्यंत ईदला आंब्याची पेटी आणि सांदणं घेऊन यायचे. त्यांनी तेच केलं जे त्यांच्या शेजाऱ्यानं केलं होतं, हिंदू शेजाऱ्यानंही. या एका बाबतीत कोकणात धर्मभेद नाही. पुढं मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण आलं, पळस्पे ते इंदापूर, पेणवरून जाणारं. जमिनीचा एक पट्टा गेला, मोबदला आला, सातबाऱ्यावर ज्यांची नावं त्यांना. तिन्ही बहिणींची नावं नव्हती.

तिला कुणी एकदा विचारलं होतं, सही का केलीस? ती म्हणाली, माहेर ठेवायचं होतं. या उत्तराला मी अनेक वर्षं त्याग समजत होतो, आपल्याकडे सगळेच समजतात. आता ते मला एका दरासारखं दिसतं. भावाच्या घरी वर्षातून एकदा चार दिवस मानानं राहायची किंमत म्हणजे बापाच्या जमिनीतला हिस्सा. भाऊ असणं भावाला फुकट मिळतं. बहीण असण्याचे मात्र पैसे पडतात. हे राजीखुशीनं झालं असं कागदावर लिहिलेलं असतं, त्यावर दोन साक्षीदार असतात. उलमांनी वारंवार बजावलंय की लाजेखातर, दबावाखातर सोडलेला हक्क हा सोडलेला नसतो. आधी हिस्सा वेगळा काढून तिच्या ताब्यात द्या, मग तिला द्यायचा असेल तर ती देईल. पण जुम्म्याच्या बयानात हा विषय मी क्वचित ऐकलाय. टखन्यावरच्या पायजम्यावर मात्र भरपूर ऐकलंय.

१९३७ चा शरियत कायदा आला तेव्हा त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं की रूढीच्या नावाखाली मुसलमान बायकांना वारसा नाकारला जात होता. तरी त्या कायद्यातून शेतजमीन वगळली गेली. आणि त्या काळात बहुतेकांची मालमत्ता शेतजमीनच. महाराष्ट्रात पुढं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यानं आपल्या हयातीत शेताचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. मुसलमान वस्त्यांत ती कितपत पोचली ते बाजूला ठेवू, पण त्या मोहिमेतला विचार निसाच्या चौथ्या आयतीपासून फार लांब नाही. घेणाऱ्याला घेता आला असता.

एक जुनी गोष्ट सांगतो, बहुतेकांनी ऐकलेली, पण या बाजूनं क्वचित पाहिलेली. हजरत खदीजा. त्यांची आठवण आपण 'रसूलुल्लाहंच्या पहिल्या पत्नी' म्हणून काढतो. त्या त्याआधी मक्केतल्या व्यापारी होत्या, स्वतःच्या मालाचे तांडे शामला पाठवणाऱ्या, आणि पैगंबर त्यांचा माल घेऊन गेले होते. त्यांच्या मृत्यूनंतरही पैगंबर बकरं कापलं की मांस त्यांच्या मैत्रिणींकडे पाठवायचे. बद्रच्या लढाईनंतर कैद्यांमध्ये पैगंबरांचे जावई अबुल आसही होते. त्यांच्या सुटकेसाठी मुलगी झैनबनं मक्केहून जे पाठवलं, त्यात एक गळ्यातला हार होता. खदीजांनी लेकीला लग्नात दिलेला. खदीजांना जाऊन चारपाच वर्षं झाली होती. हार पाहून पैगंबरांना भरून आलं. आपल्या वाझमध्ये गोष्ट इथं संपते आणि लोक डोळे पुसतात. पण पुढं त्यांनी काय केलं? साथीदारांना विचारलं, तुम्हाला योग्य वाटत असेल तर कैद्याला सोडा आणि झैनबचा हार तिला परत करा. हार ठेवून घेतला नाही. आईची वस्तू लेकीकडे गेली. आठवण आली, डोळे भरले आणि ज्याचं होतं त्याला पोचलं. आपण पहिल्या दोन गोष्टी करतो.

बायकोची कमाई घरात मुरून जाते, हे फक्त गरीब घरात किंवा फक्त जुन्या विचाराच्या घरात होतं असंही नाही. मेहरुन्निसा दलवाई आठवा. हमीद दलवाईंच्या विचारांबद्दल आपल्या समाजात अजून टोकाची मतं आहेत, माझंही त्यांच्याशी सगळं जुळत नाही. ते असो. पुण्याच्या उर्दूभाषक घरातली ही मुलगी १९५६ साली कोकणातल्या मिरजोळीच्या हमीदशी लग्न करते, मुंबईत खादी ग्रामोद्योग कमिशनमध्ये नोकरी करते आणि तिच्या पगारावर घर चालतं म्हणून हमीदभाईंना पूर्णवेळ काम करता येतं. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत विधिमंडळावर गेलेल्या सात मुस्लीम बायकांच्या मोर्च्यात त्या होत्या. मोर्चा आजही 'हमीद दलवाईंचा' म्हणून ओळखला जातो आणि बायकांचा आकडा सगळ्यांना पाठ आहे, सातही नावं सांगणारा विरळा. ३ मे १९७७ ला हमीदभाई गेले. त्यानंतर मेहरुन्निसा भाभी चाळीस वर्षं जगल्या, दोन मुली वाढवल्या, मुस्लीम सत्यशोधक मंडळाचं काम केलं, २०१७ च्या जूनमध्ये पुण्यात गेल्या. त्यांनी स्वतःची हकीकत मराठीत लिहिली, 'मी भरून पावले आहे' या नावानं, म्हणून आपल्याला निदान एवढं कळतं. ज्या लाखो बायकांनी लिहिली नाही त्यांचं काय, ते कुणाला विचारायचं?

महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लावायचं ठरवलं, तेव्हा आपल्यातल्या काहींनी नाकं मुरडली. मला तर हसू आलं. कोकणात आपण कबरीवर तलकीन पढतो. शाफईंमध्ये ती जुनी रीत आहे. त्यात मयताला हाक मारतात ती आईच्या नावानं. म्हणून माती देऊन झाल्यावर मौलाना हळूच विचारतात, वालिदाचं नाव? आणि अनेकदा शांतता पसरते. सत्तर-ऐंशीच्या माणसाच्या आईचं नाव कबरीभोवतीच्या कुणालाच आठवत नाही. मग हव्वाचं नाव घेतात, कारण आपण सगळेच शेवटी त्यांची लेकरं. सोय चांगली आहे, पण ती आपल्याला जितक्या वेळा लागते तितक्या वेळा लागायला नको. अम्मीच्या वेळी मौलानांनी विचारलं तेव्हा मागून, खुर्चीवर बसवलेल्या अब्बांनी एका क्षणात सासूचं नाव सांगितलं. वडिलांचं गाव जोडून.

आता वहीबद्दल. अम्मीच्या कपाटात, कुराणशरीफच्या रेहलखाली, एक शंभरपानी वही होती. अशी वही ती ठेवते हे आम्हाला माहीत होतं, दर रमजानात जकातीचा हिशोब त्यातूनच निघायचा. पण ती पहिल्या पानापासून आम्ही प्रथमच वाचली, कारण मयताचं देणं असेल तर ते आधी फेडायचं होतं. आकडे मराठी, मजकूर निम्मा उर्दू, निम्मा मराठी. डाव्या पानावर दिलेलं, उजव्या पानावर घेतलेलं. दोन पायली वाल. शेजारच्या लग्नात घालायला दिलेली एक बांगडी, परत आल्यावर त्यावर रेघ. पापडाच्या मजुरीचे दोघींचे हिशोब, अगदी आठ आण्यांपर्यंत. आमच्या शेतावर येणाऱ्या कातकरीवाडीतल्या एका बाईला वेगवेगळ्या वेळी दिलेले मिळून पंधराशे रुपये, त्यापुढं उर्दूत 'माफ' आणि तारीख. म्हणजे माफ करायचं कसं असतं ते तिला नीट कळत होतं. जे माफ केलं ते ती लिहून ठेवायची.

उजव्या पानावर शेवटची एकच नोंद उघडी होती. रोह्याच्या बाजारातल्या एका कोळणीचे चारशे वीस रुपये. धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळीच देऊन आला. त्या मावशी घ्यायला तयार नव्हत्या. त्यानं सांगितलं, घेतले नाहीत तर ती अडकून राहील. मग त्यांनी घेतले आणि रडल्या.

वहीत मेहरचा उल्लेख कुठंच नव्हता. पेणच्या जमिनीचाही नव्हता. मी दोनदा शोधला.

वाटणीच्या दिवशी धाकटी बहीण म्हणाली, मला नको, माझं सगळं चांगलं चाललंय, भावांनाच राहू दे. तिचा आवाज मला ओळखीचा वाटला. अम्मीचाच होता तो. अब्बांनी तिला खुर्चीजवळ बोलावलं आणि नोटा तिच्या हातात ठेवून तिची मूठ बंद केली. म्हणाले, आधी घे. घरी ने. महिनाभर तुझ्याकडं ठेव. मग तुला वाटलं तर कुणालाही दे, मी विचारणार नाही. मोठीनं काही न बोलता तिचे मोजून घेतले. तिचं मला जास्त आवडलं.

अब्बांनी स्वतःचा चौथा हिस्सा, ते साठ हजार, वाडीतल्या बोअरिंगवर पंप बसवायला दिले. हजरत साद बिन उबादा यांची आई ते परगावी असताना वारली. तिच्या वतीनं सदका केला तर तिला पोचेल का, असं त्यांनी पैगंबरांना विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी आपली बाग देऊन टाकली. अब्बांना ही हदीस अम्मीनंच कधीतरी वाचून दाखवली होती. चाळीसव्याला डेग चढली नाही. त्यावर आळीत दोनचार दिवस कुजबुज झाली. आखातात सतरा वर्षं काढली आणि बायकोचा चाळीसवा करता आला नाही, असं एकजण म्हणाला. अब्बांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, त्याला म्हणावं तुझ्या बायकोची मेहर किती ते एकदा निकाहनाम्यात बघून ठेव.

घराची जागा, दोन गुंठे, अब्बांनी परत आल्यावर तिच्या नावावर घेतली होती. तिची वारस नोंद आता करायची आहे आणि त्यात चारही मुलांची नावं लागणार आहेत. हक्कसोड कुणी कुणाकडं मागायची नाही, हे आम्ही दोघा भावांनी आपसात आधीच ठरवलंय. मोठ्या बहिणीला तिथं एक खोली बांधायची आहे, मुंबईहून आली की कुणाच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं नाही तिला.

धाकटीचा महिना झाला. तिनं पैसे कुणाला दिले नाहीत. शिवणाचं नवं मशीन घेतलंय, मोटरचं.

वहीचं मात्र अजून ठरलं नाही. दोघी बहिणींना ती हवी आहे, माझ्या मुलीनंही हट्ट धरलाय. तिच्यातले कसे भाग करायचे ते निसाच्या अकराव्या आयतीत सापडत नाही. सध्या ती अब्बांकडंच आहे. परवा पाहिलं तर डाव्या पानावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात एक नवी नोंद होती, १९७० ची तारीख आणि पाचशे रुपये. त्यावर अजून रेघ मारलेली नव्हती.